अब्बांचे दुकान आणि कोर्टाची तारीख

घरात इंतकाल झाला की काही दिवस पाहुण्यांची ये-जा असते. जियारत होते, कुरआनखानी होते, चाळीसवा होतो. मग लांबून आलेल्या बहिणी आपापल्या सासरी परततात. या सगळ्या दिवसांत एक विषय मात्र कोणी काढत नाही. अब्बांच्या मागे जे राहिले आहे, ते आता कोणाचे? एखाद्याने तोंड उघडलेच तर दुसरा म्हणतो, कबरीची माती अजून ओली आहे आणि तुम्हाला हिश्शाचे सुचते! सगळे गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात दोन वर्षे जातात, दहा जातात. मग एके दिवशी पोस्टमन पाकीट घेऊन येतो. आत वकिलाची नोटीस असते आणि पाठवणारी असते सख्खी बहीण.

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत असे पाकीट हातात धरून लिहिलेले पत्र अधूनमधून असतेच. ‘बहिणीने आम्हाला कोर्टात खेचले’ असे एक जण लिहितो. ‘भावांनी दुसरा रस्ताच ठेवला नाही’ असे दुसरी लिहिते. कोर्टाची धास्ती दोघांनाही सारखीच असते. दिवाणी दावा म्हणजे नेमके काय, तो कशावर चालतो, कुठे अडतो आणि कुठे मिटतो, हे मात्र दोघांनाही फारसे ठाऊक नसते. म्हणून या वेळी तेच लिहितो आहोत.

एक घर डोळ्यांसमोर धरू. घर कल्पनेतले आहे, पण अशी घरे प्रत्येक पेठेत सापडतील. तालुक्याच्या गावी फळांचे दुकान, मागे राहते घर, गावाबाहेर थोडी जमीन. अब्बांच्या मागे अम्मी, दोन मुलगे आणि दोन मुली. मोठा भाईजान दुकान सांभाळतो, धाकटा पुण्यात नोकरीला आहे. थोरली आपा कराडला दिली आहे, धाकटी मिरजेला. अब्बांचे आई-वडील आधीच गेलेले. दुकानाचा वीजमीटर अजून अब्बांच्याच नावावर आहे.

या घराची वाटणी शरीअतने आधीच करून ठेवली आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जे, मग वसीयत असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत ती, आणि मग वारसांचे हिस्से. कर्जांत अम्मींची न दिलेली मेहरही येते, हे फार जण विसरतात. मेहर हे पतीवरचे कर्जच आहे, आणि ते वाटणीच्या आधी फेडायचे असते. त्यानंतर उरलेल्याचे ४८ भाग पाडा. अम्मींचा आठवा हिस्सा, म्हणजे ६ भाग. प्रत्येक मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७. घर, दुकान मिळून किंमत ४८ लाख धरली तर आपाचे ७ लाख होतात. हे कोणाच्या मर्जीवर नाही. १९३७ च्या शरीअत कायद्यामुळे आपल्या देशातले कोर्टही मुसलमानांच्या वारशाला हेच हिस्से लावते. त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे जमिनीच्या बाबतीत एखादा पक्ष रिवाजाचा मुद्दा काढू शकतो. जमिनीचा वाद असेल तर हे वकिलाला आधीच विचारून घ्यावे.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. शेजारच्या हिंदू घरांत मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क असतो, म्हणून आपली मुलेही अब्बांच्या हयातीत ‘माझा हिस्सा द्या’ म्हणून भांडतात. आपल्याकडे असा हक्क नाही. अब्बा जिवंत आहेत तोवर मिळकत त्यांची. आणि उलट बाजूने, अब्बांनी डोळे मिटले त्याच क्षणी प्रत्येक वारस आपापल्या हिश्शाचा मालक होतो. त्यासाठी कोणी काही ‘देण्याची’ गरज नसते. भाऊ बहिणीला हिस्सा देत नाही. तिचा आहे, तो तिच्या ताब्यात सोपवतो. भाषेतला हा फरक लक्षात आला असता तर निम्मी भांडणे झाली नसती, असे आम्हाला वाटते.

पण कागद काय बोलतो? तलाठ्याकडे वारस नोंद करताना अनेक ठिकाणी मुलग्यांची नावे कब्जेदार म्हणून वर लागतात आणि बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात जाऊन बसतात. कधी मोठ्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहिलेले आढळते. मुसलमानांच्या वारसा कायद्यात असे एकत्र कुटुंब नाही, पण उताऱ्यावर ते येते आणि पुढच्या पिढीला खरे वाटू लागते. फेरफाराने किंवा सातबाऱ्याने मालकी ठरत नाही, हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. तो महसुलाचा दप्तर-कागद आहे. तरीही ज्याचे नाव तिथे आहे, त्याला विकायला गिऱ्हाईक मिळते आणि बँक कर्ज देते. म्हणून फेरफाराची नोटीस आली की पंधरा दिवसांच्या आत हरकत लिहून द्यावी आणि पोच घ्यावी. बँकेतल्या नॉमिनीचेही तसेच. नॉमिनी पैसे स्वीकारतो, तो त्यांचा एकटा मालक होत नाही.

बहिणीची सही हा सगळ्यांत नाजूक भाग. ‘माहेर हवे की हिस्सा’ असा प्रश्न तिच्यापुढे उघडपणे क्वचितच ठेवला जातो, पण तो हवेत असतो. ईदला कपडे, बाळंतपणाला खर्च, मुलीच्या लग्नाला सोन्याची अंगठी, याला हिस्सा मानून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. बहीण राजीखुशीने सोडत असेल तर तिला तो हक्क आहे. पण आपण ७ लाख सोडतो आहोत की ७० हजार, हे तिला माहीत असले पाहिजे. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही. आणि अब्बा हयात असताना ‘मला काही नको’ असे लिहून घेतले असेल तर जो हक्क अजून जन्मलाच नाही, तो सुटणार कसा? फक्त त्या बदल्यात तिने तेव्हा पैसे घेतले असतील तर गोष्ट वेगळी होऊ शकते.

वसीयतीचेही थोडक्यात सांगतो. ‘सगळे मोठ्या मुलाला’ अशी वसीयत सुन्नी कायद्याने टिकत नाही. वारसाच्या लाभाची वसीयत बाकीच्या वारसांनी नंतर मान्य केली तरच चालते. म्हणून लोक हिब्याकडे वळतात, आणि आमच्या पाहण्यात सर्वांत कडवट दावे हिब्याचेच आहेत. हिब्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने तसे जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा खरोखर देणे. मुसलमानाचा हिबा तोंडीही होतो, आणि तो लिहून काढला म्हणून त्याची नोंदणी केलीच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले. हे वाचून अनेकांना वाटते, मग झाले, अब्बा मला तोंडी देऊन गेले. पण कोर्ट विचारते, ताबा कधी दिला? घरपट्टी कोण भरत होते? भाड्याची पावती कोणाच्या नावाने फाटत होती? अब्बा शेवटपर्यंत गल्ल्यावर बसत होते आणि पावत्याही त्यांच्याच नावाने होत्या, तर तोंडी हिबा सिद्ध करता करता भाईजानच्या नाकी नऊ येतील. ज्यांना हयातीत द्यायचे आहे, त्यांनी लिहून, नोंदवून, ताबा देऊन आणि सगळ्या मुलांना समोर बसवून द्यावे. एका मुलाला देऊन बाकीच्यांना वगळण्याबद्दल हदीसमध्ये काय आले आहे, ते आपल्या इमाम साहेबांना जरूर विचारावे.

दावा लागला म्हणजे काय होते

बरेच जण आधी पोलीस ठाण्यात जातात. भावाने घराला कुलूप लावले, बहिणीला आत येऊ दिले नाही. ठाणे अंमलदार ऐकून घेतो आणि म्हणतो, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. तो टाळतो आहे असे वाटते, आणि कधी टाळतही असतो. पण मारहाण, खोटी सही, बनावट कागद असे काही नसेल तर त्याचे म्हणणे बरोबर असते. फौजदारी कोर्ट शिक्षा देते. तुमचा हिस्सा किती आणि तो कोणता, हे दिवाणी कोर्ट सांगते. भावाला अडकवण्यासाठी खोटी फिर्याद करणाऱ्यांचा दिवाणी दावासुद्धा पुढे लंगडा पडतो, कारण उलटतपासात ती फिर्याद समोर येते.

आपा आता दावा लावते असे समजा. तिचा वकील वादपत्र तयार करतो. मिळकतींचे वर्णन, चतुःसीमा, कुळवेल म्हणजे कुटुंबाचा वंशवृक्ष, आणि मागणी. ती वादी झाली. भाऊ, धाकटी बहीण आणि अम्मी हे प्रतिवादी होतात. अम्मींना समन्स गेले म्हणून पुष्कळ घरांत रडारड होते, ‘आईवर केस केली’ असा बोभाटा होतो. वाटणीच्या दाव्यात सगळ्या वारसांना सामील करावेच लागते, नाही तर दावा त्याच कारणावरून अडतो. तो आरोप नसतो.

समन्स घेऊन बेलिफ आला तर घ्यावे. ‘घरी नाही’ सांगून परत पाठवल्याने दावा थांबत नाही, एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा झाला तर तो रद्द करून घ्यायला ३० दिवसांची मुदत असते, आणि न येण्याचे सबळ कारण द्यावे लागते. समन्स मिळाल्यावर लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची. कोर्ट ती ९० दिवसांपर्यंत घेऊ शकते. भाईजानने या कैफियतीत रागाच्या भरात ‘आपा ही अब्बांची मुलगीच नाही’ असे काही लिहून घेऊ नये. असे लिहिलेले आम्ही ऐकले आहे. ते वाक्य वकिलाच्या टाइपरायटरवर दोन मिनिटांत उमटते आणि नाते कायमचे तोडते.

दरम्यान आपाला भीती असते की दावा चालू असतानाच दुकान विकले जाईल. त्यासाठी तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो. कोर्ट तीन गोष्टी पाहते. प्रथमदर्शनी तिच्या म्हणण्यात तथ्य आहे का, मनाई दिल्याने आणि न दिल्याने कोणाची अडचण जास्त होईल, आणि होणारे नुकसान नंतर पैशाने भरून निघेल का. पुष्कळदा ‘जैसे थे’ असा हुकूम होतो. म्हणजे विकू नका, पण दुकान चालू ठेवा. उलट बाजूला ज्याला आपल्यावर अचानक मनाई येईल अशी धास्ती आहे, तो आधीच कॅव्हेट लावू शकतो. ते ९० दिवस चालते.

पुढे मुद्दे काढले जातात. मग वादीचा सरतपास प्रतिज्ञापत्रावर आणि मग उलटतपास. दाव्यात वर्षे जातात ती बहुतेक इथेच. साक्षीदार आजारी, वकील दुसऱ्या कोर्टात, न्यायाधीशांची बदली. आपा कराडहून पहाटेच्या एसटीने येते, दुपारपर्यंत बाकावर बसते आणि पुढची तारीख घेऊन जाते. दर तारखेला स्वतः येण्याची गरज नसते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. साक्षीच्या दिवशी यावेच लागते, बाकी दिवशी वकील हजर असला तरी पुरते. प्रत्येक दाव्याला सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्स ॲपवर टाकला की मागच्या तारखेला काय झाले आणि पुढची कधी, हे घरबसल्या दिसते. वकिलावर विश्वास ठेवावा, पण तो क्रमांक आपल्या वहीत असावा.

यादरम्यान कोणी वारस वारला तर त्याचे वारस ९० दिवसांच्या आत दाव्यात आणावे लागतात, नाही तर दावा त्याच्यापुरता संपू शकतो. अम्मींचा इंतकाल झाला तर त्यांच्या ६ भागांची पुन्हा वाटणी. धाकटी बहीण गेली तर तिचा नवरा आणि मुले पक्षकार. पाच माणसांचा वाद पंधरा माणसांचा होतो, आणि त्यांतल्या निम्म्यांनी अब्बांना पाहिलेलेही नसते. न वाटलेली मिळकत अशीच पसरत जाते.

निकाल लागला तरी वाटणीच्या दाव्यात पहिला हुकूमनामा ‘प्राथमिक’ असतो. कोणाचा हिस्सा किती, एवढेच तो सांगतो. दुकानाची कोणती बाजू कोणाची, हे अंतिम हुकूमनाम्यात ठरते. त्यासाठी कोर्ट कमिशनर येऊन मोजमाप करतो. शेतसारा असलेल्या जमिनीचे वाटप कोर्टाच्या हुकमावरून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. प्राथमिक हुकूमनामा घेऊन लोक पेढे वाटतात आणि मग वर्षानुवर्षे कागद पेटीत पडून राहतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर खालच्या कोर्टाने स्वतःहून प्रकरण अंतिम हुकूमनाम्यासाठी पुढे चालवावे, पक्षकाराने वेगळा अर्ज करण्याची वाट पाहू नये. आपले जुने प्रकरण असे अडकले असेल तर वकिलाला याची आठवण द्यावी. वाटणी होण्यासारखी नसेल, म्हणजे दहा फुटांचे दुकान पाच जणांत कापता येणार नसेल, तर १८९३ च्या वाटणी कायद्याखाली विक्री होऊन पैसे वाटले जाऊ शकतात. हिस्सेदारालाच ते विकत घेण्याची सोय त्या कायद्यात आहे.

निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. आणि जिंकल्यावरही समोरचा देत नसेल तर दरखास्त लावावी लागते. जिंकणे आणि हातात पडणे यांत हे एवढे अंतर आहे.

उशीर झाला म्हणून बहिणीचा हक्क आपोआप बुडत नाही. एका वारसाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने मानला जातो. पण भावाने ‘तुझा काही संबंध नाही’ असे उघड सांगून तिला बाहेर केले असेल, तर तिथून बारा वर्षांचा काळ मोजायचा प्रश्न उभा राहतो. म्हणून असे पत्र, अशी नोटीस आली तर ती फाडून टाकू नये.

पैशाची अडचण सांगून गप्प बसणाऱ्या भगिनींसाठी दोन गोष्टी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो. आणि महाराष्ट्रात मिळकतीच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. वकील स्वतः नेमला तर फी आधी लिहून ठरवावी. ‘मिळेल त्यात अमुक टक्के माझे’ असा सौदा करायला वकिलांना त्यांच्या नियमांनीच मनाई आहे. अस्सल कागद आपल्याकडे ठेवून नकला द्याव्यात, आणि अस्सल द्यावेच लागले तर पोच घ्यावी.

धंद्यातली उधारी

दुकानाचा विषय निघालाच आहे तर व्यापारातल्या दाव्यांबद्दलही दोन शब्द. आमच्या तांबोळी, अत्तार, बागवान, मणेर भावांचा धंदा पिढ्यान्पिढ्या शब्दावर चालला. सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, ही उधारी लिहून ठेवण्याबद्दलच आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहा, लिहिणारा न्यायाने लिहो, साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय आहे. नमाजची वेळ आम्ही सांभाळतो, पण ही आयत गल्ल्यावर बसल्यावर आठवत नाही.

उधारीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे. ती संपण्याआधी देणेकऱ्याने ‘इतकी बाकी आहे’ असे लिहून सही केली तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. तोंडी ‘देतो की’ ऐकत तीन वर्षे घालवली तर दावा मुदतबाह्य. म्हणून दर वर्षी खाते उतरवून सही घ्यावी. यात अविश्वास नाही. व्हॉट्सॲपवरचे मेसेजही पुरावा होतात, मात्र कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र सोबत द्यावे लागते. ते मेसेज पुसू नयेत, आणि ज्या मोबाइलवर आले तो विकू नये.

चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस वाट, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. हे फौजदारी स्वरूपाचे आहे, दिवाणी दावा वेगळा लावता येतो. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतला वाद ३ लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल तर तो कमर्शियल कोर्टात जातो. तातडीचा हुकूम नको असेल तर तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून लावलेला दावा कोर्ट फेटाळते, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालीच ठरवले. त्या कोर्टात कैफियतीला १२० दिवसांनंतर एक दिवसही मिळत नाही.

दोन मित्रांनी भागीदारी केली आणि ती नोंदवली नाही, तर त्या फर्मला करारावरून तिसऱ्यावर वसुलीचा दावाच लावता येत नाही. नोंदणीचा खर्च वाचवणाऱ्यांना हे उधारी बुडाल्यावर कळते. दुकान किंवा गाळा लीव्ह अँड लायसन्सने दिला असेल तर करार नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते कोर्ट आधी खरे धरते.

व्याजाबद्दल आम्हाला विचारले जाते. दाव्यात व्याज मागितलेच पाहिजे असे नाही. मुद्दल आणि दाव्याचा खर्च एवढीच मागणी करून दावा चालतो. ज्याला व्याज घ्यायचे नाही त्याने वकिलाला तसे पहिल्याच दिवशी सांगावे, कारण छापील मसुद्यात ते आपोआप येते. आणि देणेकरी खरोखरच अडचणीत असेल तर त्याला सवलत देण्याबद्दलची आयत त्याच सूरहमध्ये, दोनच आयती आधी आहे.

सुलह कोर्टातही होते

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. दोन माणसे जुन्या वारशाचा वाद घेऊन पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. पुरावा दोघांकडेही नव्हता. पैगंबरांनी त्यांना सांगितले की मीही एक माणूस आहे, ऐकतो त्यावरून निवाडा करतो. तुमच्यातला एखादा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडत असेल आणि त्यामुळे भावाच्या हक्कातले काही मी त्याला दिले, तर त्याने ते घेऊ नये, तो आगीचा तुकडा आहे. हे ऐकून दोघे रडू लागले आणि प्रत्येक जण आपला हक्क दुसऱ्याला देऊ लागला. तेव्हा त्यांना सांगण्यात आले की नीट वाटणी करा, चिठ्ठ्या टाका आणि एकमेकांना माफ करा.

भाईजानचा वकील हुशार असेल, अब्बांच्या पावत्या सापडणार नाहीत, आपाचा साक्षीदार उलटतपासात गडबडेल. हुकूमनामा भाईजानच्या बाजूने होईलही. पण आपाचे ७ भाग त्याने हलाल होणार नाहीत.

सुलहची वाट कोर्टात शिरल्यावरही बंद होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली कोर्ट प्रकरण मध्यस्थाकडे पाठवू शकते. कोर्टाच्या इमारतीतच मध्यस्थी केंद्राची खोली असते. तिथे बोललेले कोर्टापुढे पुरावा म्हणून येत नाही, त्यामुळे माणसे मोकळी होतात. आपाचे खरे दुखणे कधी कधी पैशाचे नसते. अम्मींच्या आजारपणात तिला बोलावले नाही, हे असते. न्यायाधीशांसमोर त्याला जागा नाही, त्या खोलीत आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्याच्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी भरली असेल तर ती परत मिळते. दावा लावण्याआधीही प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येते.

आपल्याकडे, विशेषतः कोकणात, जमातीची बैठक हा जुना मार्ग आहे, आणि तो चांगला आहे. दारुल कझाकडेही लोक जातात. मात्र २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की असा निवाडा किंवा फतवा मानणे ऐच्छिक आहे, त्याला कायद्याचे बळ नाही. बैठकीत भाईजान मान डोलावतो आणि घरी गेल्यावर बदलतो, तेव्हा जमातीकडे काही उपाय राहत नाही. म्हणून बैठकीत जे ठरले ते लिहावे, सगळ्या वारसांच्या, बहिणींच्याही, सह्या घ्याव्यात. त्यांच्या नवऱ्यांच्या सह्या त्यांच्याऐवजी चालत नाहीत. दावा चालू असेल तर तोच मजकूर तडजोड पुरशिस म्हणून कोर्टात दाखल करावा. दावा नसेल तर नोंदणीकृत वाटणीपत्र करावे. सातबाऱ्याच्या जमिनीची संमतीने वाटणी महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होते.

आपल्या कल्पनेतल्या घरात तडजोड बहुधा अशी होईल. दुकान भाईजानने ठेवावे, कारण वीस वर्षे तोच ते चालवतो आहे. अम्मींना घरात हयातभर राहू द्यावे आणि त्यांचे ६ भाग त्यांच्याच नावावर राहावेत. दोघी बहिणींना त्यांच्या भागाची रक्कम हप्त्यांनी मिळावी. इथे ‘सवडीने देईन’ असे लिहू नये. हप्त्यांच्या तारखा, चेकचे क्रमांक, दोन हप्ते चुकले तर काय, आणि रक्कम पूर्ण होईपर्यंत दुकान विकणार किंवा गहाण ठेवणार नाही, हे लिहावे. हक्कसोडपत्राची नोंदणी शेवटचा हप्ता मिळाल्यावर करावी, आधी नाही. मग सिटी सर्व्हेत आणि तलाठ्याकडे अर्ज द्यावा, फेरफाराची मुदत संपण्याची वाट पाहावी, आणि नवा उतारा आला की त्याच्या पाच नकला काढाव्यात. एक कराडला, एक मिरजेला, एक पुण्याला, एक भाईजानच्या दुकानात आणि एक अम्मींच्या पेटीत.